डाळ शिजणारं पाणी

‘पाणी कुठलं पिता तुम्ही?’ असं त्या डॉक्टरीणबाईनं विचारलं आणि मी पदर सावरून ऐटीत सांगितलं, ‘घरच्या बोअरचं. नऊशे फुटांचा बोअर हाय आमचा. सगळी गल्ली पिते.’ नांदेडातला दाताचा दवाखाना होता तो, माझ्या लेकीच्या, आरतीच्या घराजवळचा. खुर्चीत माझी नात, लेकाची वर्षाराणी, तोंड उघडून पडली होती, डोळ्यांवर दिव्याचा झोत, आणि मी तिच्या चपला हातात धरून बाजूला उभी. चपला कामून धरल्या होत्या कोण जाणे. ‘सगळी गल्ली?’ बाईनं परत विचारलं. मला वाटलं, हिला कौतुक वाटलं. मग काय, मी सुटलेच. म्हणलं, ‘हाव. भिंतीबाहेर तोटीच काढून दिलीय आमच्या मालकांनी. कुणाला ना न्हाई. लातुरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत न्हाई बाई, पण आमची तोटी कधी आटली न्हाई. आन् पाणी कसं, तर तुरीची डाळ दोन शिट्ट्यांत मेण.’ तिनं हातमोजे काढून टोपलीत टाकले आणि माझ्याकडं बघत राहिली. अजून भांडी घासताना, केस विंचरताना मध्येच माझा तो आवाज मला ऐकू येतो, ‘सगळी गल्ली पिते’, आणि अंगावर पाल पडावी तशी मी जागच्या जागी अंग झटकते.

वर्षाराणीला दवाखान्यात न्यायला कारण झालं एका वाढदिवसाचं. सुट्टीला आम्ही दोघी आरतीकडं आलो होतो. तिच्या शेजारच्यांकडं केक कापताना फोटो काढत होते, ही खदखदा हसली, आणि कुठलंसं कार्टं म्हणालं, ‘ही गुटखा खाते का?’ सगळी पोरं फिदीफिदी हसली. तिथून पोरीनं ओठ मिटले ते मिटलेच. जेवताना तोंडावर हात, बोलताना खाली मान. दहा वर्षांची पोर ती. तिचे पुढचे दात उगवले तेच असे, वर खडूसारखे ठिपके आणि मधोमध तपकिरी पट्टे. मी काय करत होते? मी म्हणायचे, आळशी हाय, घासत न्हाई. उकिडवी बसवून, मीठ आणि कोळशाची पूड बोटावर घेऊन मी तिचे दात घासलेत, हिरडीतून रक्त येईपर्यंत. ती रडायची, मी म्हणायचे रड, आणि चूळ भरायला त्याच तोटीचा तांब्या पुढं करायचे. डॉक्टरीणबाई म्हणाली, ‘आजी, हे घासून जायचे डाग नाहीत. पाण्यात फ्लोराईड जास्त असलं की असं होतं. दात हिरडीच्या आत घडत असतात ना, तेव्हाच ते त्यात बसतं. लेकरू सात-आठ वर्षांचं होईपर्यंत जपायचं असतं. दात बाहेर आला की मग झालं ते झालं. आणि मोठी माणसं वर्षानुवर्षं पीत राहिली तर त्यांचीही हाडं धरतात.’ मग तिनं विचारलं, ‘घरात आणखी लहान लेकरू आहे का?’ मी म्हणलं, ‘न्हाई.’ खोटं नव्हतं ते, घरात नव्हतंच. पण म्हणता म्हणता डोळ्यांपुढं मितू उभी राहिली. आमच्या समोरच्या घरातल्या बुद्धप्रियाची लेक, अडीच वर्षांची. आई कळशी भरते तोवर तोटीखाली ओंजळ धरून पाणी पिणारी, पिता पिता फ्रॉक भिजवून घेणारी. मितूचे दुधाचे दात तांदळाच्या कण्यांसारखे, पांढरेफेक. तिचे पुढचे दात ह्या घडीला आत घडत होते आणि त्यांना पाणी माझं चाललं होतं.

मी काही लगेच मानणारी बाई नाही. आमचे मालक माझ्यावरून म्हणायचे, ह्या केवळाला देव जरी भेटला तरी म्हणंल आधार कार्ड दाखीव. तर त्या डॉक्टरणीला खोटं पाडायचं म्हणून मी जावयाच्या मागं लागले. राजशेखर रेल्वेच्या ऑफिसात आहे, गरीब स्वभावाचा माणूस, सासूला नाही म्हणत नाही. आणि नमुन्याला पाणी शोधायलाही लागलं नाही, कारण नांदेडला येताना मी घरून कॅन भरून आणते. आरती दरवेळी चिडते. ‘आई, इथं गोदावरी वाहते आन् तू लातूरहून पाणी घेऊन येतीस? लोक हसतेत!’ मी म्हणते, मला दुसरीकडचं पाणी सोसत नाही. आजवर सगळीकडं तेच म्हणत आले. त्याच कॅनमधली एक बाटली आम्ही पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत दिली. दुसऱ्या दिवशी तिथला साहेब म्हणाला, फ्लोराईड असायला पाहिजे त्याच्या तिपटीनं आहे, पिऊ नका. मी म्हणलं, ‘साहेब, ह्या पाण्यात डाळ शिजते.’ मला वाटलं, आता ह्याचं तोंड बंद होईल. तो म्हणाला, ‘म्हणूनच तर.’ आणि समोरच्या खुर्चीत बसवून त्यानं मला शांतपणे सांगितलं, लेकरांना सांगावं तसं. डाळ शिजत नाही ती पाण्यातल्या चुन्यामुळं. वरच्या थरातल्या पाण्यात चुना असतो, आणि तोच चुना फ्लोराईडला धरून ठेवतो, पाण्यात जास्त सुटू देत नाही. शहरानं गल्लोगल्ली बोअर मारून वरचं पाणी ओढून संपवलं. मग खाली गेले, आणखी खाली गेले. खालचं पाणी किती काळ खडकात मुरलेलं, त्याचा चुना खडकातच राहिला आणि खडकातलं फ्लोराईड त्यात उतरलं. ‘त्याला साबणाचा फेस येतो, डाळ शिजते, चव गोड लागते. लोकांना वाटतं, चांगलं पाणी लागलं.’ मी विचारलं, उकळलं तर जाईल का? तो म्हणाला, ‘उकळून पाणी आटेल, ते नाही आटणार. उलट जास्तच दाट होईल.’ मितूला ताप आला होता तेव्हा, पाणी चांगलं खळखळ उकळून देत जा गं, असं बुद्धप्रियाला मीच बजावलं होतं.

जुना बोअर होता तेव्हाची गोष्ट आठवते. त्याचं पाणी जड. हंड्याला आतून पांढरी खपली धरायची, गीझरची कांडी महिन्यात दगड व्हायची, न्हालं तर केसांची दोरी. आणि डाळ? आमचे मालक, अण्णाराव, डाळमिलमध्ये गुमास्ता. लातूरची तूरडाळ म्हणजे काय सांगायला पाहिजे का? सगळ्या मुलखात जाते. मिलमधली एक नंबर डाळ ते पिशवी भरून घरी आणायचे आणि ती माझ्या कुकरात खड्यासारखी टणक राहायची. सोडा टाका, तेल टाका, रात्रभर भिजवा, काही उपयोग नाही. पाहुण्यांच्या ताटात वरण वाढताना मालकांची मान खाली. ‘डाळीच्या गावात राहून आमच्या घरी डाळ शिजत न्हाई,’ असं ते हसत हसत म्हणायचे, पण त्यांना ते लागायचं. मी त्या पाण्याला किती शिव्या घातल्या असतील! आज कळतं, ते बिचारं पाणी आमच्या भांड्यांना खपल्या धरून लेकरांचे दात राखत होतं. मग दुष्काळाची दोन-तीन वर्षं आली, आजूबाजूला ज्यानं त्यानं बोअर मारले, एकानं तीनशे फूट मारला की शेजारच्यानं पाचशे. आमचा आटला. रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्याच साली आमच्या दारात बोअरची गाडी उभी राहिली. धडधड धडधड, भिंती हादरत होत्या, राखेसारखी भुकटी उडून वाळत घातलेली लुगडी पांढरी झाली. सहाशे फुटांवर कोरडं, सातशेवर कोरडं. मालक म्हणाले, आता थांबायचं न्हाई. आणि नऊशेला पाणी लागलं तेव्हा ते त्या चिखलात लहान पोरासारखे नाचले. त्यांनी चार दिवस पाणी नितळू दिलं आणि मला म्हणाले, ‘बघ आता तू.’

आमच्याकडं पाण्याची परीक्षा बायका करतात आणि ती डाळीवर करतात. आईनं केली, आजीनं केली. बाटलीत भरून कुणाला दाखवायला न्यायचं असतं हे मनातसुद्धा आलं नाही. मी चुलीवर पातेलं ठेवलं, झाकण लावलं. गल्लीतल्या बाया दारात उभ्या, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात रिकामी घागर, आणि सगळ्यांची नजर माझ्या पातेल्यावर. मी झाकण काढलं, डाळीचा दाणा चिमटीत धरला आणि दाबला. दाणा नुसता विरघळला. मी बोटं वर करून सगळ्यांना दाखवली आणि म्हणलं, ‘मेण.’ एवढंच म्हणलं. त्या दिवशी घागरींची जी रांग लागली ती परवापर्यंत चालू होती. नवीन भाडेकरू आला तरी लोक सांगायचे, केवळाबाईच्या तोटीचं भरा, डाळ काय शिजते म्हणता! मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू. देवळात कुणी पुढं जागा दिली की वाटायचं, ही त्या तोटीची पुण्याई. मालक गेले तेव्हा सुद्धा बाया रडत रडत हेच म्हणाल्या, गल्लीला पाणी पाजून गेला माणूस. शेवटी शेवटी त्यांना मान वळवता येत नव्हती, उठताना गुडघे धरून बसायचे. आम्ही म्हणलं, वय झालं. वयच झालं असेल. आता विचारायचं कुणाला?

नांदेडहून मी एकटीच निघाले. वर्षाराणीला सुट्टीभर आरतीकडंच राहू दे म्हणलं. माझा लेक वैजनाथ फोनवर विचारत होता, डॉक्टर काय म्हणाले, तर म्हणलं, काही न्हाई, थोडं साफ करावं लागंल. लेकाला सुद्धा खरं सांगायला जीभ उचलली नाही. बसमध्ये खिडकीशी बसले होते, मांडीवर तो रिकामा कॅन. लोहा आलं. लोह्यापासून आत माझं माहेर. तिथं आमची विहीर होती आणि बौद्धवस्तीची वेगळी, लांब, उन्हाळ्यात आटणारी. त्यांच्या बाया आमच्या विहिरीच्या कडेला घागरी ठेवून थांबायच्या. आई रहाट ओढून त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतायची, एक हात उंच धरून, आपल्या घागरीचा काठ त्यांच्या घागरीला लागू न देता. ती धार मला अजून दिसते. मी लहान होते, मला त्या धारेतून हात घालायचा असायचा आणि आई खेकसायची, ‘हो बाजूला!’ माझ्या घरी मी असलं काही ठेवलं नाही ह्याचा मला अभिमान होता. आमच्या तोटीला सगळे हात लावतात, धम्मानंदच्या घरचेही. समोरचं घर धम्मानंदचं. तो वीजमंडळात, त्याची बायको बुद्धप्रिया शाळेत मास्तरीण, आणि त्याची आई पार्वतीबाई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दुपारी आम्ही दोघी माझ्या ओट्यावर बसून डाळ निवडतो, तांदूळ निवडतो, गल्लीच्या उखाळ्यापाखाळ्या काढतो. अहमदपूर आलं, चाकूर आलं, बाहेर उन्हात एक बोअरची गाडी उभी दिसली. मी ठरवलं, सगळ्यात आधी बुद्धप्रियाला सांगायचं. बाकी गल्लीला मग. मितू सगळ्यात लहान, तिचं आधी वाचवायचं. किती सरळ गोष्ट होती! सांगायचं, की बाई गं, माझी डाळ खोटी ठरली, लेकराला हे पाणी पाजू नको. एवढंच.

सकाळी ती आली. सुट्टीतही शाळेत निकालाचं काम होतं, तिला उशीर होत होता, कळशी तोटीखाली लावून दुसऱ्या हातानं मोबाईल बघत होती. मितू चिखलात पाय आपटत होती. मी ओट्यावरून उतरले. तोंडाशी सगळं होतं, दवाखाना, वर्षाराणी, चुना. मितूनं माझ्याकडं बघून हसून दात दाखवले आणि तोटीखाली ओंजळ धरली. मला तिथल्या तिथं असं काही झालं, की मी पुढं होऊन तिचे दोन्ही हात धारेतून बाजूला ओढले. जोरातच ओढले. पोर भेदरली. बुद्धप्रियानं वर बघितलं. मी म्हणलं, ‘तुम्ही आता आमच्या तोटीचं पाणी नेत जाऊ नका.’ पुढचं बोलायचं होतं. देवाशप्पथ बोलायचं होतं. पण पुढं बोलायचं म्हणजे काय, तर दोन वर्षं मी तुझ्या लेकराला वाईट पाजलं, वर उकळून पाज म्हणलं, असं म्हणायचं. वाटलं, नेऊ नका म्हणलं ना, झालं काम, पोर तर वाचली, कारण सांगू नंतर सावकाश. बुद्धप्रियानं तोटी बंद केली. अर्धी भरलेली कळशी तिनं तिथंच गटारात पालथी केली, मितूला काखेत घेतलं आणि म्हणाली, ‘बरं बाई.’ रोज मला मावशी म्हणते ती. मला तो शब्द टोचला, पण माझ्या डोक्यात माझीच डाळ शिजत होती. मला वाटलं, उशीर झालाय म्हणून घाईत असेल.

दिवसभर तोटी चालूच होती. पलीकडच्या तुळजाबाईच्या सुनेनं भरलं, वरच्या भाडेकरूंनी भरलं, मी आत बसून घागरींचे आवाज ऐकत होते आणि प्रत्येक आवाजाला म्हणत होते, आता उठते, आता सांगते. उठले नाही. एकेकीला गाठून सांगण्यापेक्षा मोटर जळाली म्हणावं, हासुद्धा विचार करून झाला. इतकी वर्षं जिनं बोटं वर करून ‘मेण’ म्हणलं, तिनं आता कुठलं बोट वर करायचं? दुपारी पार्वतीबाई ओट्यावर आली नाही. तिच्या दारात ती बसलेली दिसत होती, माझ्याकडं पाठ करून. गुडघे दुखत असतील, मी म्हणलं. माणूस स्वतःला काय काय सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजाबाई स्वतः घागर घेऊन आली. आमच्याच जातीतली. घागर लावली, इकडं तिकडं बघितलं आणि माझ्या दंडाला हात लावून हळूच म्हणाली, ‘बरं केलंस बाई. मला लई दिवसांपासून म्हणायचं होतं, पण तुला कसं वाटंल म्हणून गप बसले. सगळेच तोटीला हात लावतेत. आता जरा शिस्त लागंल.’ मला पहिल्यांदा कळेचना ती काय म्हणून राहिलीय. मग कळलं. मी ज्यांना आधी वाचवायला निघाले होते, त्या एकट्या घराला मी पाणी बंद केलं होतं. सगळ्या गल्लीत त्या एकट्या घराला. लेकराचे हात धारेतून ओढून काढले होते, आई मला बाजूला करायची तसे. आणि तोटी दिवसभर वाहती ठेवली होती, त्यांच्या डोळ्यांदेखत, समोरच! कारण सांगायची लाज वाटली म्हणून. अगं सटवे, तुझ्या लाजेला आग लागो. तुळजाबाई हसत होती. ते हसू मला बघवेना, कारण ती मला आपल्यातली समजत होती आणि दिसण्यात तिचं काहीच चुकत नव्हतं. मी तिची घागर बाजूला सारली आणि तोटी बंद केली. ‘का गं?’ ‘बंद. सगळ्यांना बंद.’ ‘आन् कामून?’ ‘पाणी वाईट हाय. लेकरांचे दात खराब होतेत ह्यानं. माझ्या वर्षाराणीचे झालेत. नांदेडात तपासून आणलंय.’ निघालं तोंडातून. जिला सांगायचं तिला नाही, आणि हिला एका दमात. तुळजाबाई घागर उचलत म्हणाली, ‘काहीतरीच! डाळ तर कशी मेण शिजते.’ मी वैजनाथच्या पेटीतला पाना आणला, तोटीची चावीच काढून मुठीत घेतली आणि गल्ली ओलांडली.

रविवार होता, सगळे घरी होते. धम्मानंद दारात स्कूटर पुसत होता. त्यानं ‘या’ म्हणलं नाही, बाजूला मात्र झाला. आत बुद्धप्रिया मितूची वेणी घालत होती, पार्वतीबाई खाटेवर. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वाढदिवस, दात, डॉक्टरीण, साहेब, चुना, डाळ, उकळलेलं पाणी. मध्येच हुंदका आला तर पार्वतीबाई म्हणाली, ‘रडू नको. आधी सांग.’ मग मी न रडता सांगितलं आणि ती चावी फरशीवर ठेवली. बुद्धप्रियानं मितूचं तोंड दोन बोटांनी उघडून आत बघितलं, एकदा, परत एकदा. ‘हे तर चांगले आहेत,’ ती म्हणाली. मी म्हणलं, ‘हे दुधाचे. पुढचे आत घडून राहिलेत. आजपासून जारचं पाणी द्या. थोडं तरी वाचंल.’ ‘दोन वर्षं मी हिला...’ एवढंच म्हणून ती थांबली. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, ‘हे काल का नाही सांगितलं, मावशी? काल तुम्ही मला तोटीवरून हाकललं. रात्रभर ह्यांना झोप नाही. आई म्हणत होत्या, घर बदलू.’ मावशी म्हणाली ती, पण मला त्यानं बरं वाटायला नको होतं आणि वाटलं, ह्याचीही लाज वाटली. मी म्हणलं, ‘लाज वाटली गं.’ पार्वतीबाई खाटेवरून बोलली, ‘कशाची? आमच्यासमोर चुकलीस म्हणायची?’ मी मान हलवली. कशाची ते मलाही नीट सांगता येईना. धम्मानंद दारातूनच म्हणाला, ‘मावशी, तुमच्या दोन शब्दांनी झालं असतं. आमच्या मनात काय येईल, हे तुम्हाला सुचलंच न्हाई?’ मी म्हणलं, ‘न्हाई.’ आणि ते खरं होतं, तेच तर वाईट होतं. ज्यांना रोज ते सोसावं लागतं त्यांना सुचतं, आम्हाला सुचत नाही.

पार्वतीबाई गुडघ्यांवर हात देऊन उठली. माठाशी गेली, ओगराळं घातलं, स्टीलचा गिलास भरला आणि माझ्यापुढं धरला. ‘पी,’ म्हणाली. मी गिलासाकडं बघितलं. पाणी आमच्याच तोटीचं, परवाचं. ती म्हणाली, ‘पंधरा वर्षं झाली आम्हाला ह्या गल्लीत. तुझं पाणी आम्ही पिलो. तू आमच्या घरात कितीदा आलीस, हळदीला आलीस, मितूच्या बारशाला आलीस. पाण्याचा गिलास पुढं केला की म्हणायचीस, आत्ताच पिऊन आले. चहा केला की, उपास हाय. एकदा तर म्हणलीस, तुमचं पाणी म्हंजी आमचंच की, ते काय प्यायचं. मी हसले होते तवा.’ ती रागानं बोलत नव्हती. डाळ निवडताना बोलायची तसंच बोलत होती. मी आठवू लागले आणि ह्या घरात पाणी प्यायल्याची मला एकही वेळ आठवेना. आरतीकडं कॅन घेऊन जायचे तेही आठवलं. सोसत नाही, सोसत नाही, म्हणत कुठं कुठं पाणी नाकारलं असेल मी? आईची ती उंच धार माझ्या हातात कधी आली मला कळलंच नाही. भिंतीबाहेर तोटी काढा म्हणून मालकांच्या मागं कोण लागलं होतं? मीच. म्हणजे कुणी आत यायला नको.

गिलास गार होता. आता नको म्हणायला माझ्याकडं पहिल्यांदाच खरं कारण होतं, ते मीच ह्यांना आत्ता समजावून सांगितलं होतं. बुद्धप्रिया बघत होती. मी कुठंही पाणी पिते ते वरून, ओठ न लावता, लहानपणची सवय. हात तसाच वर गेला. मग मी तो खाली आणला, काठाला ओठ लावले आणि पिऊ लागले. गोड होतं. खरोखर गोड होतं, काय करू. मितू आईच्या हातून सुटून माझ्या गुडघ्यांना येऊन चिकटली, मान वर करून गिलासाला हात लावत म्हणाली, ‘मला.’ मी थांबले नाही. तळाचा थेंब संपेपर्यंत प्यायले, आणि रिकामा गिलास पालथा करून तिला दाखवला.

‘संपलं,’ म्हणलं.